तेलातली टर्की आणि आमचं अंगण

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि त्या दिवशी घरोघरी टर्की. बहुतेक मंडळी ती ओव्हनमध्ये भाजतात. लुइझियानाकडच्या केजन लोकांना एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी अख्खा पक्षी उकळत्या तेलात सोडायची रीत पाडली. तेव्हापासून दरवर्षी तिकडे काही गॅरेजं, काही लाकडी ओटे आणि बऱ्याच भुवया जळतात. तिथली अग्निसुरक्षेची राष्ट्रीय संघटना तर सांगते, हा उद्योग घरी करूच नका. टेक्सासात राहणाऱ्या आमच्या पुतण्यानं हे नीट वाचलं होतं. म्हणूनच त्याला तो स्वतःच्या घरी नव्हे, मावळातल्या आमच्या नवलाख उंबरे गावी, आमच्या अंगणात करायचा होता.

2025 साली तो गुरुवार 27 नोव्हेंबरला आला, म्हणजे नेमका मार्गशीर्षातला पहिला. घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला. आमच्या हिच्यासमोर टर्कीचं नाव काढायची पुतण्याचीच काय, माझीही छाती झाली नाही. अमेरिकेच्या सणाला मावळात रविवारचा मुहूर्त मिळाला.

खरा पेच तेलाचा. शेंगदाणा तेलाचा 15 किलोचा डबा आमच्याकडे दिवाळीला येतो आणि शिमग्यापर्यंत पुरवला जातो. तो सगळा एका पक्ष्यावर जाणार हे कळल्यावर आई म्हणाली, ‘‘खायचीय का न्हाऊ घालायचीय तिला?’’

पातेलं आणि गॅसची भट्टी मंडपवाल्याकडून आली. बातमी फुटली होतीच. गावातल्या लग्नांची बुंदी ज्यांच्या झाऱ्यातून पडते ते आचारी खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले. पुतण्यानं फोनमधले नियम वाचायला सुरुवात केली. पहिला : पक्षी अजिबात ओला नको. तिकडे टर्की फ्रीजरमधून दगड होऊन येते, आणि पोटात बर्फ राहिला तर त्याची वाफ होऊन ती सुमारे 1700 पट फुगते. सगळं तेल बाहेर. ज्याच्या तोंडावर साबुदाण्याचा वडा फुटलाय त्याला हे शास्त्र शिकवावं लागत नाही. आमची टर्की ताजी, साफ करून आणलेली, पाच किलोची. तरी आईनं जुन्या लुगड्याच्या फडक्यानं ती आतून-बाहेरून पुसली आणि पुन्हा पुसली.

दुसरा नियम मला फार आवडला. रिकाम्या पातेल्यात पक्षी ठेवायचा, तो बुडेल इतकं पाणी ओतायचं, पक्षी काढून पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण करायची. तेल तेवढंच. काठापर्यंत चांगली वीतभर जागा राहिलीच पाहिजे. मग पातेलं कोरडं करायचं आणि पक्षीही पुन्हा. आचारी म्हणाले, ‘‘आर्किमिडीज काय, आम्ही काय, कढई निम्मीच भरतो.’’

तेल 175 अंशांवर आलं हे पुतण्याला थर्मामीटरनं कळलं आणि आचाऱ्यांना चिमूटभर पिठानं, साधारण एकाच वेळी. मग गॅस बंद. यावर आचारी कुरकुरले, बुंदीला कोण जाळ बंद करतं? पण उतू गेलेलं तेल ज्वाळेवर पडलं तर मंडपच जाईल, हे त्यांना पटलं. लांब लोखंडी सळईच्या आकड्याला टांगलेली टर्की दोघांनी दोन टोकांना धरून हळूहळू खाली सोडली. जो आवाज झाला त्यानं गल्लीतली कुत्री एमआयडीसीच्या दिशेनं गेली. मग गॅस पुन्हा पेटला. किलोला सात-आठ मिनिटं धरून चाळीसेक मिनिटं, आणि मांसाच्या आत 74 अंश झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही.

चवीचं सांगतो. कातडी अप्रतिम, पहिल्या पंगतीतच संपली. आतल्या पांढऱ्या मांसाकडे बघून मात्र एक भाऊबंद म्हणाले, ‘‘रस्सा कुठंय?’’ आईनं निमूटपणे हाडं आणि उरलेलं मांस उचललं, वाटण लावलं आणि भाकरीबरोबर जे वाढलं तेच मंडळींनी बोटं चाटून खाल्लं. पुतण्यानंसुद्धा.

तुम्हाला करायचीच असेल तर उघड्या अंगणात करा. पोरं आणि मांजरं लांब ठेवा. तेल पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका, पाणी चुकूनही नको. पातेलं थंड होईपर्यंत जागचं हलवू नका. आणि उरलेल्या डबाभर तेलाचं काय करणार, हे टर्की आणायच्या आधीच घरात विचारून घ्या.