राणीछाप रुपया टपालाने घालवण्याची प्राथमिक माहिती

ही माहिती फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांची नाणी एकदा गेली आहेत त्यांना पुढचे सारे तोंडपाठ असते. त्यांनी पान उलटले तरी चालेल.

सुरुवात बहुधा पुनर्विकासाने होते. बोरिवलीतली किंवा मुलुंडमधली जुनी इमारत पाडायला निघते, माळा रिकामा करावा लागतो आणि आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेतून बटव्यात बांधलेली नाणी निघतात. दोन-चार राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचा एखादा, मूठभर ढब्बू पैसे आणि महायुद्धात धातू वाचवायला १९४३ ते १९४७ या काळात पाडलेले भोकाचे पैसे. पॅकिंग थांबते. प्रत्येकाच्या मनात एक आकडा तयार होतो. हा आकडा कोणा जाणकाराला विचारू नये, नुसता वाढू द्यावा.

पहिली पायरी: नाणी पितांबरीने घासा. देवाच्या तांब्या-ताम्हनाला ती उत्तम, मग नाण्याने काय घोडे मारले आहे? तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेल्या तपकिरी थराचे संग्राहक पैसे मोजतो, हे घासून झाल्यावर कळले तरी पुरते. लख्ख केलेले नाणे पाहून खरा व्यापारी हळहळतो आणि भाव पाडतो. फसवणारा म्हणतो, “वा, एकदम नवीन दिसतंय!” माणूस ओळखायला एवढी खूण पुरेशी आहे, पण आपण नवशिके आहोत, पुढे जाऊ.

दुसरी पायरी: वजन करू नका. कोपऱ्यावरच्या सराफाकडे काटा असतो, तिथे फिरकूही नका. राणीछाप रुपया भरतो ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी असते. नाणे दुर्मीळ नसले तरी दहा ग्रॅमहून जास्त शुद्ध चांदी हातात आहे, तेव्हा त्या दिवसाच्या चांदीच्या भावाखाली त्याची किंमत जाण्याचे कारण नाही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. नाण्यावर व्हिक्टोरिया राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’, हेही पाहू नका. १८७७ पासून ती सम्राज्ञी झाली आणि नाण्यावरचे अक्षर बदलले. एवढे ठाऊक असलेल्या माणसाला फसवायला वेळ लागतो, आणि समोरच्याचा वेळ वाया घालवणे बरे नव्हे.

आता गिऱ्हाईक शोधायचे. शोधायचे कसले, तेच येते. मोबाइलवर ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट दिसते, खाली लिहिलेले असते, ‘आठ लाख मिळवा’. शेजारी शेवटी ७८६ आकडा असलेली नोट आणि २०१२ चे वैष्णोदेवीचे नाणे. ट्रॅक्टरची नोट आजही चलनात आहे, दुकानदार ती घेतो आणि बदल्यात पाच रुपयांचाच माल देतो, ही बाब मनातून काढून टाका. याच रांगेत एक तांब्याचे नाणे भेटेल: एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा आणि साल १६१६. हे माझे विशेष आवडते. १६१६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो जहांगिराच्या दरबारात कंपनीच्या सवलतींसाठी खेटे घालत होता. मुंबई बेट कंपनीच्या हाती आले १६६८ साली. एक आण्याचे तांबे-निकेलचे नाणे इंग्रज सरकारने काढले ते १९०७ मध्ये. म्हणजे कंपनीने राज्य मिळण्याआधी, टांकसाळ मिळण्याआधी, प्रभू रामचंद्रांना वाहिलेला आणा पाडला होता असे मानावे लागते. हेच नाणे तांदळाचे दाणे ओढून घेते, ‘राइस पुलर’ आहे आणि परदेशी शास्त्रज्ञ त्याला कोट्यवधी देतात, असे सांगणाराही भेटेल. नाणे तांदूळ ओढत नाही. पैसे ओढते.

फोन आला की समोरचा अत्यंत आदराने बोलतो. आपल्या घरात कोणी आपल्याला इतके ‘सर’ म्हणत नाही, त्यामुळे मन भरून येते. “काका, तुमची फाइल मंजूर झाली. फक्त रजिस्ट्रेशनचे अकराशे पन्नास भरा, ते पैशांबरोबर परत मिळतील.” भरा. मग जीएसटी येतो, मग रिझर्व्ह बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र येते, त्यावर बँकेचे बोधचिन्ह असते आणि एखाद्या अधिकाऱ्याची सहीसुद्धा. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, अशा व्यवहारांवर आपण कसलेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. पण पत्रक कोरडे असते, काका म्हणणारा माणूस गोड असतो.

चौथ्या-पाचव्या हप्त्यानंतर कथानकात नाका येतो. रोख रक्कम घेऊन निघालेली गाडी दहिसर चेकनाक्यावर अडवली, ड्रायव्हरला सोडवायला पंधरा हजार हवेत. घाटकोपरला असाल तर तीच गाडी मुलुंड नाक्यावर अडकते. काही वेळा नुसता टोल मागतात. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. जकात त्याआधी, १ जुलै २०१७ लाच गेली. परराज्यात बसून फोन करणाऱ्याला हे माहीत नसते, आपल्याला असते. तरीही त्याला दुरुस्त करू नका. माणूस अडचणीत आहे, त्यात चुका काय काढायच्या!

पैसे ‘पाठवायला’ तो क्यूआर कोड पाठवेल आणि पिन टाकायला सांगेल. पैसे येताना पिन लागत नाही, फक्त जाताना लागतो. हे वाक्य नवशिक्यांनी वाचून सोडून द्यावे.

इथवर नाणे घरातच आहे. काही व्यापारी मात्र ते आधी मागवतात, ‘तपासायला’, आणि इथून टपालखाते कथेत येते. पाकीट असे निवडा की नाणी आत खुळखुळतील, म्हणजे आत काय आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला कानानेच कळेल. वर ठळक अक्षरात ‘चांदीची नाणी, सांभाळून’ लिहा. विमा उतरवू नका. विम्याशिवाय नाणी टपालात घालणे नियमाविरुद्धच आहे, पण तो नियम खिडकीवर विचारावा लागतो आणि मागे रांग असते. स्पीड पोस्टचा वर्षानुवर्षांचा नियम असा की पाकीट हरवले तर टपालखर्चाच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. आत व्हिक्टोरिया आहे की वाळवणाची पाककृती, याच्याशी त्या भरपाईचा संबंध नाही. जुन्या भरवशाचे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा ‘रजिस्टर केलंय, काळजी नको’ हे वाक्यही आता जपून वापरावे.

याबाबत एका परदेशी जवाहिऱ्याचे उदाहरण देणे भाग आहे. आपल्याच गोवळकोंड्याकडचा ‘होप’ हिरा हॅरी विन्स्टन यांनी नोव्हेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला चक्क टपालाने पाठवला, खाकी कागदात बांधून. खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट. त्यातले टपाल फक्त २ डॉलर ४४ सेंट, बाकी सगळा विमा. हिरा पोहोचला. विन्स्टन नवशिके नव्हते.

आणि खरे सांगायचे तर अंधेरीहून फोर्टात नाणे पोहोचवायला टपाल कशाला हवे? चर्चगेट लोकल आहे. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना सीएसएमटी आहे, उतरले की समोर जीपीओ. जुनी टपालतिकिटे असतील तर तिथेच फिलाटेलिक ब्युरो. थोडे पुढे रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय. तिथे भाव सांगत नाहीत, पण खरे नाणे कसे दिसते ते पाहायला मिळते. नाणे खिशात घेऊन जावे, टेबलावर ठेवावे, तपासणी होईपर्यंत डोळ्यांसमोरून हलू देऊ नये. एवढे सोपे असूनही लोक टपालाने पाठवतात, कारण समोर बसून भाव करायला संकोच वाटतो.

संकोच हे या धंद्याचे खरे भांडवल आहे. हाव असते, पण ती सगळीकडेच असते. आपण भाजीवाल्याकडून कोथिंबीर वरकड मागून घेतो, रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून मीटरचा हिशेब करतो आणि पंचवीस हजारांची नाणी हातात देताना पावती मागायला लाजतो. “अहो, आमच्यावर विश्वास नाही का?” एवढे तो म्हणाला की आपणच ओशाळतो आणि विषय बदलतो. चौथ्या दिवशी निरोप येतो की नाणे नकली निघाले, परत पाठवतो. जे परत येते ते खरोखर नकली असते. ते आपलेच आहे की दुसरे, हे सांगायला आपल्याकडे ना दोन्ही बाजूंचा फोटो, ना काठाचा, ना वजन, ना पॅकिंगचा सलग व्हिडिओ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहाच्या खर्चाचे व्हाउचर मागणारे आपण, इथे मात्र दिलदार!

चांगला व्यापारी ओळखायची माझी एकच खूण आहे, ती शास्त्रीय नाही: तो निराश करतो. “याला फार काही येणार नाही” हे तो पहिल्या मिनिटात सांगतो. नाण्यांची यादी स्वतः करतो, प्रत्येकापुढे वजन लिहितो, सही करून देतो, कमिशन आधी सांगतो आणि ते विक्रीतून कापतो, आपल्याकडून आगाऊ मागत नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परदेशी पाठवता येत नाही, हेही तोच सांगतो. दुबईच्या शेखसाठी ते कुरियर करायला सांगणारा दुसरा कोणीतरी असतो.

एवढे सगळे नीट पार पडून पैसे गेलेच, तर १९३० ला लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकते. नंतर काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा फोन येईल, तो त्याच मंडळींचा दुसरा अंक समजावा. आणि नाणेच गेले असेल, तर फोटो, वजन आणि टपालाची पावती घेऊन पोलीस ठाण्यात जा. यांतले काहीच जवळ नसेल, तर हवालदार विचारेल, “रुपया कसा होता?” तेव्हा ‘गोल होता’ याखेरीज तुम्हाला काही सांगता येणार नाही.