महाडला येणाऱ्या परदेशी साहेबांसाठी

महाडच्या एमआयडीसीत रसायनांचा सौदा करायला येणाऱ्या पाहुण्यांनी विमानाच्या वेळापत्रकावर खुशाल विसंबावे. खरा प्रवास मुंबईत उतरल्यावर सुरू होतो. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. तेव्हा रस्ता कधी पूर्ण होणार, हे बैठकीत विचारू नये. यजमान विषय बदलून चहा मागवतात. महाडच्या पुढे लोट्याच्या एमआयडीसीपर्यंत जाणाऱ्यांसाठी कशेडीच्या बोगद्याने घाटातला वेळ वाचवला आहे, फक्त तो माणगावच्या कोंडीत आगाऊ खर्च झालेला असतो. कोकण रेल्वेने आलात तर वीरला उतरा आणि रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवा. टाय दिसला की ते वाढते.

जुलैत येणार असाल तर हॉटेलात वरच्या मजल्यावरची खोली मागा. दृश्यासाठी नव्हे. २०२१ च्या जुलैत सावित्री नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. दुकानदार भिंतीवर हात उंच करून पातळी दाखवतात, आणि बिल करता करताच दाखवतात.

सौदा जमल्यावर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचा बेत बहुतेकांचा असतो. पावसाळ्यात तो मुख्यालयाला कळवू नये. दरड ईमेल वाचत नाही.