फिरती ढाल न फिरवता वर्ष कसे काढावे

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी कन्याशाळेत नव्याने रुजू झालेल्या बाईंच्या गळ्यात पहिल्याच आठवड्यात गटप्रमुखपदाची माळ पडते. नाही म्हणण्याची सोय नसते, कारण ज्या बैठकीत हे ठरते त्या बैठकीचा चहा सांगायला त्याच बाहेर गेलेल्या असतात. त्यांनी खचून जाऊ नये. पुढील सूचना वाचाव्यात आणि एक जाड रजिस्टर विकत घ्यावे.

प्रथम ही गटांची, म्हणजे हाऊसची, भानगड आली कुठून ते समजून घ्यावे. हाऊस ही इंग्लंडमधल्या निवासी शाळांची रीत. तिथली मुले खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत, जेवत, झोपत आणि शेजारच्या घराचा द्वेष करत. आपल्याकडे येताना घर तिकडेच राहिले, बाकीचे पोचले. जवाहर नवोदय विद्यालयांनी त्याला भारतीय वळण दिले: अरवली निळे, निलगिरी हिरवे, शिवालिक लाल, उदयगिरी पिवळे. हिंगोली जिल्ह्याचे नवोदय वसमतला आहे आणि तिथल्या गच्चीवर चढले तरी यातला एकही डोंगर दिसत नाही. पण निदान तिथली मुले सदनात राहतात. कन्याशाळेतली मुलगी मात्र शाळा सुटली की घरी जाते. तिचे हाऊस म्हणजे सेफ्टी पिनने लावलेली एक रंगीत फीत, आणि तीही आठवड्याभरात धाकट्या भावाच्या पतंगाला.

गटांची नावे ठेवताना डोंगरांच्या वाटेला जाऊ नये. जिजाऊ, सावित्री, अहिल्या, रमाई ही चार नावे घ्यावीत. ताराराणी राहिल्याची तक्रार येईल. ती पुढच्या वर्षीच्या विचारार्थ ठेवावी, दरवर्षी.

अहिल्या गटाकडे विशेष लक्ष असावे. खेड्यांतून येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. त्यामुळे या गटाच्या मुली बसमध्ये मालकिणीसारख्या खिडकीपाशी बसतात आणि बाकीच्या तिन्ही गटांना आपल्या पासवर आणल्यासारखे वागवतात. यावरून भांडण पेटल्यास बाईंनी इतिहासात शिरू नये. खिडक्या मोजाव्यात.

मुलींची विभागणी हजेरीपटाच्या क्रमाने करावी, असे परिपाठात जाहीर करावे. मग खेळाच्या शिक्षकांनी उंच मुली आधीच निवडून ठेवल्या आहेत, हे शांतपणे पाहावे. सख्ख्या बहिणी वेगवेगळ्या गटांत टाकू नयेत. एकीचा गट हरला, तर त्या रात्री घरी काय होते याची हकिगत दुसऱ्या दिवशी आईकडून ऐकावी लागते.

मराठवाड्यातल्या शाळेला इतरांपेक्षा एक प्रभातफेरी जास्त असते. 15 ऑगस्टला बसलेला घसा सुटेपर्यंत 17 सप्टेंबर येतो. हैदराबाद संस्थान 1948 साली त्या दिवशी भारतात आले, म्हणून इथे झेंडा पुन्हा चढतो आणि लेझीमही पुन्हा निघते. लेझीम मोजून द्यावी, मोजून घ्यावी. ती दोनदा मोजून संख्या सारखी आली, तर कुठेतरी चूक झाली आहे असे समजावे.

आता खो-खो.

या खेळाला दोन खांब, थोडी फक्की आणि माणसे लागतात, म्हणून तो शासकीय अनुदानाची वाट न पाहता वाढला. आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते, समोरच्या तिघी-तिघींच्या तुकड्यांनी उतरतात. नियम असा सोपा आहे. अडचण जमिनीची आहे. कळमनुरीची माती काळी: पावसाळ्यात ती चपलेसकट मुलगी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून घोटा मागते. खेळायला लायक अशी ती दसऱ्यानंतर काही आठवडे असते, नेमकी त्याच वेळी सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. त्यामुळे तालुका स्पर्धेचा सराव चिखलात करावा. चिखलात टिकलेली मुलगी कोरड्यावर कोणाच्या हाती लागत नाही.

पंचांनी शिट्टीपेक्षा कानांवर भर द्यावा. ‘मॅडम, ती खो म्हनलीच नाही!’ आणि ‘म्हनले की वो मॅडम, जोरात म्हनले!’ ही दोन निवेदने एकाच वेळी, सारख्याच खरेपणाने केली जातात. अशा वेळी निर्णय पोत्रा गावाच्या बसवर सोपवावा. तिचा हॉर्न वाजला की निम्मा संघ दप्तरे घेऊन पळतो आणि सामना संपतो. वेळ संपल्याची याहून स्पष्ट खूण राष्ट्रीय पातळीवरही नाही.

मुलींना उत्साह यावा म्हणून जानेवारी 2025 ची गोष्ट जरूर सांगावी. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मात्र ती मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची, हे सांगताना जपून असावे. ‘म्हणजे आपल्याच मराठवाड्याची’ असे म्हणत सहावीचा अख्खा वर्ग कर्णधारपदासाठी अर्ज करतो. कबड्डीबद्दल थोडक्यात: मुलींचे मैदान 12 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे पुरुषांपेक्षा लहान. ते का, हे एखादी विचारतेच. उत्तर तयार ठेवावे. ते अजून कोणाकडे तयार नाही.

दिवाळीनंतर गुणतक्त्याकडे पाहू नये. मराठवाड्यातल्या अनेक गावांतून आईबाप ऊसतोडीला निघतात आणि मुलीही त्यांच्याबरोबर जातात. मग एखाद्या गटाची रिले चौघींऐवजी तिघींवर येते. यावर या मार्गदर्शिकेत उपाय दिलेला नाही.

जानेवारी नाटकाचा. 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती, तोच राज्यात बालिका दिन. चारही गट त्याच दिवशी तोच प्रसंग सादर करतात: सावित्रीबाई शाळेत निघाल्या आहेत आणि सनातनी लोक शेण फेकत आहेत. सावित्रीची भूमिका कोणीही मागत नाही, कारण तिला शांत राहायचे असते. झुंबड उडते ती शेण फेकणाऱ्यांत. एका सावित्रीमागे फेकणाऱ्या सहाहून जास्त घेऊ नयेत, नाहीतर दृश्यात सावित्री दिसत नाही. शेणाऐवजी ओल्या मातीचे गोळे वापरावेत आणि आदल्या दिवशी कोणाचे कोणाशी भांडण झाले ते पाहून भूमिका वाटाव्यात. सावित्रीबाई जास्तीचे लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. गटप्रमुख बाईंनीही न्यावे.

पुरुषपात्रांची चिंता करू नये. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांसारखे पुरुष वर्षानुवर्षे शालू नेसून मिरवले, त्याची परतफेड प्रत्येक कन्याशाळा दर स्नेहसंमेलनात काजळाच्या मिशीने करते. काजळाची मिशी घामाने उतरून तिसऱ्या प्रवेशापर्यंत दाढी होते. संहितेत तशी तरतूद करावी: पहिल्या अंकात शिवाजीराजे, तिसऱ्यात समर्थ रामदास.

बालनाट्य करायचेच असेल, तर चांगले करावे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केले आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने पडदा उघडला, तेव्हापासून मुलांसाठीच्या नाटकाला मराठीत घराणे आहे. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण गाजवली दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढे वैभव मांगले यांनी. म्हणजे चांगली चेटकीण हवी तर पुरुष आणावा, असा समज झाला. कन्याशाळेत तो टिकत नाही. सातवीतली, एरवी उत्तर विचारले की बाकाखाली पेन शोधणारी मुलगी नाकाला कणकेचे टोक लावून अशी हसते की पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे खुर्ची मागे घेतात. तिला तिथून पुढे वर्गात कोणी शांत मुलगी म्हणत नाही. तिच्या गटाला मात्र दुसरा क्रमांक मिळतो, कारण पहिला देशभक्तिपर नृत्याला आधीच ठरलेला असतो.

पाहुणे दीड तास उशिरा येतात. त्यासाठी वेगळे नियोजन नको. पत्रिकेवरच दीड तास अलीकडची वेळ छापावी. पाहुण्यांनाही हे माहीत असल्याने ते तीन तास उशिरा येतात.

पुढे हळदीचे दिवस. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण हळद शिजवणे, वाळवणे, ढोल फिरवणे काही वसमतपुरते नाही. मुली पिवळ्या तळव्यांनी शाळेत येतात आणि पिवळ्या फितीचा गट त्या सगळ्यांवर हक्क सांगतो. हात धुवून यायला सांगावे. रंग जात नाही, वाद मात्र दोन दिवसांत जातो.

फिरत्या ढालीचे वितरण 1 मे रोजी, निकालासोबत. महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झालेले असते. शिवाय हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून याच तारखेला वेगळा झाला, त्यामुळे भाषणांना विषय कमी पडत नाहीत. विजयी गटाची कर्णधार दहावीची परीक्षा देऊन मामाच्या गावी गेलेली असते. ढाल घेते आठवीतली एक मुलगी, जी वर्षभर राखीव होती. फोटो निघतो. ढाल मुख्याध्यापिकांच्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली परत जाते. फिरती म्हणतात ती याच अर्थाने: कपाट ते स्टेज, स्टेज ते कपाट.

एव्हाना मैदानात चारही रंगांच्या मुली मिसळून बसलेल्या असतात, खांबाच्या जागी एकीकडे बाभूळ, दुसरीकडे दप्तरांचा ढीग. गुण कोणी लिहीत नाही. बाईंनी त्यांना हटकू नये. पोत्र्याची बस येईपर्यंत वेळ आहे तर उरलेली फक्की पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावावे. जूनमध्ये तिचे दगड होतात.