दुरून करार साजरे

व्यापारगट सोडणाऱ्या देशाचे पहिले भांडण भूगोलाशी होते. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला आणि वर्षाअखेरीस त्याच्या सामायिक बाजारपेठेतूनही काढता पाय घेतला. तरी ब्रिटन आणि फ्रान्समधली डोव्हरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी ३३ किलोमीटरच राहिली. न्यूझीलंड तसूभरही जवळ सरकले नाही. अंतर वाढते तसा दोन देशांमधला व्यापार आटतो, हा अर्थशास्त्रातला जुना ठोकताळा. ‘ग्लोबल ब्रिटन’ या घोषणेत त्याची गणती नव्हती.

संघात असताना दूरदेशांशी करार करण्याचे काम ब्रुसेल्सकडे होते. असे करार सुमारे ७० देशांशी झालेले होते आणि संघ सोडताच ते ब्रिटनपुरते बाद ठरणार होते. त्यामुळे नव्या स्वातंत्र्याचा पहिला उपयोग जुन्या करारांवर नवे वेष्टन चढवण्यासाठी झाला. संघ सोडल्याची मध्यरात्र उलटून एक सेकंद होताच असे ४० पर्यंत करार तयार असतील, अशी ग्वाही व्यापारमंत्री लियम फॉक्स यांनी २०१७ मध्येच दिली होती. मुहूर्त टळत गेले. फॅरो बेटांशी मात्र लवकर जमले. तिथे माणसे जेमतेम अर्धा लाख, मेंढ्या त्याहून जास्त.

नक्कल करायलाही ताकद लागते. २०२० मध्ये जपानशी बोलणी चालू असताना घोडे स्टिल्टन या निळ्या बुरशीच्या चीजवर अडले. चीजसाठी जपानने ब्रिटनला वेगळा कोटा दिलाच नाही. युरोपीय संघाने आपला कोटा वापरून जे उरेल त्यावर ब्रिटनने सवलत घ्यावी, असे ठरले. वेगळी चूल मांडलेल्या भावाने थोरल्या घरच्या पातेल्यात उरलेल्या आमटीवर हक्क मिळवावा आणि त्याचे पेढे वाटावेत, असा हा प्रकार.

नक्कल नसलेला पहिला करार डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झाला. इथे ब्रिटनची खरी अडचण उघडी पडली: दूरच्या पाहुण्याला आपली घाई कळली, की अटी तोच घालतो. जून २०२१ च्या जी-७ परिषदेआधी तत्त्वतः सहमती हवीच, असा हट्ट लंडनने स्वतःहून धरला आणि सवड असलेली बाजू जिंकली. गोमांस आणि कोकराच्या मांसासाठी दारे टप्प्याटप्प्याने उघडण्याचे ठरले. तेव्हाचे शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस यांनी हा सौदा फारसा चांगला नव्हता, असे संसदेत सांगितले. अर्थात मंत्रिपद गेल्यावर. सरकारच्याच हिशेबाने या करारातून दीर्घकाळात राष्ट्रीय उत्पन्नात भर पडेल ०.०८ टक्का. संघ सोडल्याने उत्पादकतेत दीर्घकाळात येणारी घट सरकारी अंदाजपत्रक कार्यालयाच्या मते सुमारे ४ टक्के. बेरीज-वजाबाकी शाळकरी पोरालाही जमेल.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन प्रशांत महासागराकाठच्या देशांच्या व्यापारगटात दाखल झाला. त्या महासागरात ब्रिटनकडे पिटकेर्न ही बेटे आहेत, वस्ती पन्नासच्याही आत. नियम दुसरे ठरवतात म्हणून एक गट सोडलेल्या देशाने, दुसऱ्यांनी आधीच ठरवलेले नियम जसेच्या तसे मान्य करून दुसरा गट धरला.

भारताच्या बाबतीत बोरिस जॉन्सन यांनी २०२२ च्या दिवाळीचा वायदा केला होता. दिवाळी आली; करार आला नाही, पण ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हुजूर पक्षाला ऋषी सुनक हे भारतीय वंशाचे नेते मिळाले. करारावर सह्या व्हायला २४ जुलै २०२५ उजाडले, तोवर सुनकही गेले होते. स्कॉच व्हिस्कीवरचा १५० टक्के कर आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणण्याचे ठरले. भारताने आपल्या जवळजवळ सगळ्या मालासाठी करमाफी पदरात पाडून घेतली. पण भारताशी व्यापारातला अडथळा दूर व्हायला संघ सोडावाच लागतो असे नाही, याला हापूसचा दाखला देता येतो. २०१४ मध्ये फळमाशीपायी संघाने भारतीय आंबा अडवला, तेव्हा लंडनच्या दुकानांतूनही तो गायब झाला. ती बंदी पुढच्याच वर्षी उठली, आणि तेव्हा ब्रिटन संघातच होता.

या साऱ्या प्रवासानंतरही ब्रिटनच्या निर्यातीचा ४० टक्क्यांहून अधिक वाटा युरोपीय संघातच जातो. फरक इतकाच, की आता त्या मालासोबत सीमाशुल्काची कागदपत्रे जोडावी लागतात.