पी हळद, हो बारीक

वजन हळूहळू उतरवा, असं सांगणारी माणसं अलीकडे उजळ माथ्याने फिरू लागली आहेत. महिन्याला दोन-तीन किलो पुष्कळ झाले, घरचंच जेवा, भाजी वाढवा, साखर आवरा, रोज थोडं चाला. ऐकायला हा उपदेश निरुपद्रवी वाटतो, पण त्यात एक मोठी खोट आहे. तो पाळला तर वजन खरंच उतरतं आणि बऱ्याचदा उतरलेलंच राहतं. मग माणसाने उरलेल्या आयुष्यात करायचं काय?

झटपट डाएट करणाऱ्यावर अशी रिकामपणाची पाळी कधी येत नाही. तो आठ किलो उतरवतो, नऊ चढवतो, पुन्हा आठ उतरवतो. पन्नाशीला येईपर्यंत अशा माणसाने सव्वाशे किलो तरी सहज उतरवलेले असतात. हळूहळूवाला जन्मात एकदाच तीस-पस्तीस उतरवतो आणि स्वस्थ बसतो. पराक्रम कोणाचा मोठा, हे शाळेतलं पोरगंही बेरीज करून सांगेल. (वजाबाकी मात्र त्याला करू देऊ नये.)

आमच्या सोसायटीत असे एक हळूहळूवाले गृहस्थ आहेत. दोनेक वर्षांत माणूस पस्तीस किलोंनी कमी झाला. आधी सगळ्यांनी रीतसर काळजी केली. कोणी म्हणालं साखर झाली असेल, कोणी म्हणालं मुंबईला जाऊन गुपचूप ऑपरेशन करून आले असतील, तळमजल्यावरच्या काकूंना त्यात सुनेचा हात दिसला. शेवटी एकदा लिफ्टमध्ये त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं.

"काही नाही हो," ते म्हणाले, "रात्रीची एक पोळी कमी केली. भाजी दुप्पट घेतो. चहा दोनदाच, तोही कमी साखरेचा. ऑफिसातून येताना वडापाव खायचो, तो आता शनिवारी खातो. जेवण झालं की कोपऱ्यापर्यंत चालून येतो."

आम्ही पुढचं ऐकायला थांबलो. पुढे काही आलंच नाही.

"बरं, पण डाएट कुठलं?"

"हेच."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याची कळा होती. पस्तीस किलो उतरवणाऱ्या माणसाकडे निदान एखादा काढा असावा, रात्रभर भिजवलेलं काहीतरी असावं, एखादा वर्ज्य पदार्थ असावा ज्याच्या नावाने पुढचे सहा महिने कानाला हात लावता येईल. वडापाव शनिवारी खाऊन बारीक होणं म्हणजे लोकांच्या अपेक्षांशी खेळणं आहे. तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारत नाही.

याच गृहस्थांना एका लग्नाच्या पंगतीत पाहण्याचा योग आला, आणि ही विचारसरणी आपल्या संस्कृतीच्या मुळावर कशी येते ते लख्ख दिसलं. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला, मागे मुलीचे मामा. "घ्या हो, एकाने काय होतंय!" यांनी एक घेतली. मठ्ठ्याच्या घोटाबरोबर, डोळे मिटून, चवीने खाल्ली. मामा पुन्हा आले. यांनी ताटावर आडवा हात धरला आणि हसून म्हणाले, "छान आहे, पण बास." बास! मामांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं. आग्रह करायला आलेल्या माणसाने अशा वेळी कुठे बघायचं?

यजमानांची अब्रू राखली ती शेजारी बसलेल्या, या गृहस्थांच्याच मेव्हण्याने. हे मेव्हणे आठवडाभर फक्त रसावर होते आणि दुधीच्या रसाची बाटली पिशवीतून बरोबर घेऊन आले होते. पहिल्या आग्रहाला त्यांनी कानाला हात लावले. दुसऱ्याला त्यांची नजर डळमळली. तिसऱ्याला अर्धी जिलबी तोंडात गेली आणि त्यांनी ते अजरामर वाक्य उच्चारलं: "आता मोडलंच आहे, तर..." पुढे त्यांनी अकरा जिलब्या, दोन वाट्या बासुंदी आणि मसालेभाताचा डोंगर संपवला. मामांना भरून आलं. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, ही आपल्या पूर्वजांची शिकवण. एक जिलबी खाऊन थांबायला तिच्यात जागा नाही.

दुधीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने बजावलं होतं, की रस कडू लागला तर पिऊ नका. झटपट पंथाला हे मान्य होणं कठीण. जे कडू ते गुणकारी, आणि जे प्यायल्यावर मळमळतं ते आतून साफ करतं, यावर तर सगळी उभारणी आहे.

उपासाचंही तसंच. एकादशी, दुप्पट खाशी, असं टोमणेखोर लोक म्हणतात, पण त्यामागची साधना त्यांना कळलेली नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. त्यावर तूप, त्यात बटाटा. खिचडीची एक भरलेली बशी पाचशेच्या घरात जाते. त्यापेक्षा दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि मेथीची भाजी खाल्ली तर कॅलरी कमी पडतात, पण त्याला उपास म्हणता येत नाही. शिवाय ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, बटाटा, शेंगदाणा, रताळं आणि वरून घातलेली हिरवी मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर समुद्र ओलांडून इकडे आलेली. ऋषिमुनींना असा उपास कधी लाभला नाही. म्हणूनच ते चित्रांत एवढे किडकिडीत दिसतात.

काही वर्षांपूर्वी तर महाराष्ट्रात घरोघरी दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत, थोडं थोडं पण दर दोन-अडीच तासांनी खा, तुपाला घाबरू नका. यातलं एक धरून वर्षभर नेटाने चालवणं ही कोत्या बुद्धीची वृत्ती. जाणत्यांनी समन्वय साधला. दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी खाल्लं आणि दीक्षितांचं ऐकून प्रत्येक वेळी ५५ मिनिटं खाल्लं.

परदेशातही हळूहळूवाल्यांनी पूर्वीपासून बराच उपद्रव केला आहे. लंडनचा विल्यम बँटिंग हा त्यांतला जुना. राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारं त्याचं घराणं. १८६२ मध्ये साठी उलटलेला हा साडेपाच फुटांच्या आतला गृहस्थ ९२ किलोंच्या आसपास होता. बुटाचे बंद बांधता येईनात, जिना उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून उलटा, पाठमोरा उतरायचा. तोवर त्याचं वागणं अगदी योग्य होतं. त्याने होडी वल्हवून पाहिली, तिने भूक वाढली. तुर्की स्नानं झाली, औषधं झाली. मग कमी ऐकू येतं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि घात झाला. हार्वीने त्याला ब्रेड, साखर, बिअर, बटाटे सोडायला लावले आणि मांस, मासे, भाजी, थोडी वाइन असं दिवसातून चारदा जेवायला सांगितलं. बँटिंगने ते निमूटपणे वर्षभर केलं. २१ किलो उतरले. भागून पाहा, आठवड्याला जेमतेम चारशे ग्रॅम पडतात. एवढ्यात आपल्याकडचा माणूस काटा बिघडलाय म्हणून दुकानदाराशी भांडून आला असता. बँटिंगने उलट १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली, सुरुवातीला फुकट वाटली, आणि ऐंशी ओलांडून १८७८ मध्ये वारला. जिना बहुधा सरळ उतरून.

खऱ्या शास्त्राने मात्र झटपट पंथाची बाजू कायम उचलून धरली आहे. पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरतात हे खोटं नाही. खाणं एकदम तोडलं की शरीर स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बाहेर पडतं. एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते, तेवढा वेळ कोणाला आहे? पाणी कसं ताबडतोब जातं. परत आणायलाही फार कष्ट नाहीत, एक मिसळ पुरते.

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक. सहा महिने त्यांना दिवसाला १,५७० च्या आसपास कॅलरी दिल्या: बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. वजन चतुर्थांशाने उतरलं. पोरं भर उन्हाळ्यात कुडकुडू लागली, एकमेकांवर खेकसू लागली, ताटल्या चाटू लागली. रात्री अंथरुणात पाककृतींची पुस्तकं वाचत पडायची. जेवण सुरू झालं तेव्हा पोट तट्ट भरलं तरी भूक मिटेना, आणि पुढे अंगावरची चरबी आधीपेक्षा जास्त झाली. कीज यांनी या आहाराला अर्धउपासमार म्हटलं. १,५७० ला! आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तक्ते ८०० पासून सुरू होतात. आणि उपाशीपोटी रात्री मिसळपावाचे व्हिडिओ बघत जागायला आपल्याला कुठल्याही विद्यापीठाचं अनुदान लागत नाही.

दूरदर्शी असावं तर अमेरिकेच्या टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रेसारखं. १९८८ मध्ये द्रवाहारावर राहून त्यांनी वजन घटवलं आणि आपल्या कार्यक्रमात ६७ पौंड चरबीने भरलेली गाडी ओढत आणली. ते वजन परत आलं, हे पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं. पण गाडी लोकांच्या लक्षात राहिली की नाही? रोज पोळी मोजणाऱ्याने कुठली गाडी आणावी?

त्याच देशातल्या 'द बिगेस्ट लूजर' या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि विश्रांतीत असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. याचा लोक उगाच खेद करतात. कमी खाऊन जास्त काळ लठ्ठ राहता येणं, या महागाईत, ही काही लहानसहान बचत नाही.

उलट अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही आहे, निदान तीस पौंड उतरवून वर्षभर तसंच टिकवलेल्यांची. त्यांचं गुपित हुडकायला गेलेल्यांचं काय झालं, तर आमचं लिफ्टमध्ये झालं तेच. बहुतेक लोक सकाळी न्याहारी करतात, आठवड्यातून एकदा वजन बघतात, बरंच चालतात, टीव्ही कमी बघतात, रविवारी जवळपास बुधवारसारखंच जेवतात. असल्या माहितीवर कोणी यूट्यूब चॅनल चालवून दाखवावं.

आणि पोटापाण्याचाही विचार करायला हवा. जानेवारीत वर्षाचे पैसे भरून फेब्रुवारीत येईनासे होणारे लोक नसते, तर किती व्यायामशाळांचं भाडं थकलं असतं? सब्जा, चिया, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, पाकिटातली शेक पावडर, मोठे कपडे आत घेणारा शिंपी आणि तेच पुढच्या वर्षी उसवणारा तोच शिंपी, एवढी कुटुंबं या पंथावर जगतात. रात्रीची एक पोळी कमी करणारा कोणाचं घर चालवतो? झालाच तर गव्हाचा खप तेवढा घटवतो.

प्रश्न राहतो तो मुहूर्ताचा. पौषात हुरडा असतो, संक्रांतीला गुळाची पोळी. होळीला पुरण, पाडव्याला श्रीखंड. त्यापुढे लग्नं आणि आंबा एकदमच येतात. आषाढात तळणाला पर्याय नाही, श्रावणात उपास असल्यामुळे खाणं भागच आहे, मग मोदक, पितृपक्षातली खीर आणि वडे, नवरात्रात पुन्हा साबुदाणा, आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत तुळशीचं लग्न येतं. बारकाईने पाहिलं तर कार्तिकात चार दिवस मोकळे सापडतात. सात दिवसांत सात किलोचं डाएट त्या चार दिवसांत बसवायचं, तर रोज पावणेदोन दिवसांची उपासमार करावी लागेल. गणित जमतंय. दुधीवाल्याला तसं आगाऊ सांगून ठेवलं आहे.