विंचवाचं बिऱ्हाड

पॉडकास्ट ऐकायचं अ‍ॅप सारखं बदलणाऱ्या माणसाला घरचे खुळ्यात काढतात. ऐकायचं तेच, आवाज तोच, मग हा उपद्व्याप कशाला? मला मात्र हे खूळ मोलाचं वाटतं. ते जितक्यांना लागेल तितकं बरं.

मुळात असं खूळ करता येतं, हेच मोठं आहे. व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं तर गोतावळा मागे राहतो. पॉडकास्ट कुठल्या एका अ‍ॅपच्या दावणीला बांधलेला नसतो. २००० साली डेव्ह वाइनर यांनी आरएसएस फीडमध्ये ध्वनिफितीचा पत्ता जोडायची सोय केली आणि त्यावर हे सगळं उभं राहिलं. फीड म्हणजे साधी फाइल: भागाचं नाव, तारीख आणि एमपीथ्री कुठे ठेवली आहे तो पत्ता. ती कोणतंही अ‍ॅप वाचू शकतं, कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून तर विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघता येतं. जुन्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एक्सपोर्ट केलं की ओपीएमएल नावाची फाइल हाती येते. ती एकदा उघडून बघाच. एकेका ओळीत एकेका पॉडकास्टचं नाव आणि फीडचा पत्ता, बस्स. वर्षानुवर्षं जमवलेली आवड काही केबींत मावते. कुठला भाग ऐकून झाला, कुठे थांबलो होतो, हे सहसा त्यात नसतं. लोक याला नुकसान म्हणतात. पण ‘नंतर ऐकू’ म्हणून साठवलेला ढीग त्याच निमित्ताने मागे राहतो आणि खरंच ऐकायचं असतं तेवढंच आपण पुन्हा शोधतो.

शिवाय कान तयार होतात. ओव्हरकास्ट या अ‍ॅपमधली ‘स्मार्ट स्पीड’ बोलण्यातल्या शांत जागा आखडते. बातम्यांना ते छान. मुलाखतीत मात्र अवघड प्रश्नानंतर माणूस गप्प होतो, ते गप्प होणं मला पुरतं हवं असतं. अँटेनापॉड तर स्वयंसेवकांनी चालवलेलं मुक्तस्रोत अ‍ॅप. खातं उघडायलाही सांगत नाही. हे कळल्यावर बाकीची अ‍ॅप्स ईमेल का मागतात, हा प्रश्न आपोआप पडतो. एकाच अ‍ॅपवर राहिलेल्याला तो पडायचं कारणच नाही.

आणि ठाण मांडून बसलेल्यांनाही शेवटी उठावं लागलंच. स्टिचर हे अ‍ॅप २०२३ मध्ये बंद झालं. २०१८ मध्ये आलेलं गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये गेलं. हलायची सवय असलेल्यांनी फाइल उचलली आणि दुसरीकडे संसार मांडला.

काळजी वाटते ती वेगळीच. २०२० मध्ये पॉडकास्टर जो रोगनचा कार्यक्रम स्पॉटिफायने फक्त आपल्याकडे नेला. तो पुन्हा इतरत्र मिळायला २०२४ उजाडलं. मराठीतल्या कितीतरी चांगल्या गप्पा तर थेट यूट्यूबवरच येतात. फीड नसेल तर तो कार्यक्रम पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये न्यायचा कसा? तेव्हा आपल्या आवडत्या कार्यक्रमाच्या मंडळींना फीडचा पत्ता विचारा. नसेल तर सुरू करा म्हणा. ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे तयारच असतं.