अंडं वाचवणाऱ्या साहेबांस

मा. साहेब,
शालेय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई.

शासन निर्णयाखाली सही एकाची असते आणि डोकं भलत्याचंच, म्हणून नाव न घालता हे पत्र उघडंच टाकतो आहे. डोकं ज्याचं असेल त्यानं उचलून घ्यावं.

जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहाराच्या पाककृती नव्याने ठरवताना आपण अंडा पुलाव आणि नाचणी सत्व ऐच्छिक करून टाकलंत. त्यासाठी जादा पैसा मिळणार नाही, हवं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून करावं. वर्षाला पन्नासेक कोटी वाचणार म्हणे. अभिनंदन! दात कोरून पोट भरत नाही ही म्हण आपण खोटी पाडलीत. कोरलेले दात तेवढे पोरांचे निघाले.

आता आमच्या नंदुरबारात लोकसहभागाची कशी चंगळ आहे ते ऐका. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिवाळी सरली की घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात. ती परततात होळीला. मधल्या काळात समितीची सभा बोलवायची तर ती उसाच्या फडातच भरवावी लागेल. पाड्यावर राहिलेली आजी अनुमोदन देईल, अंगठाही देईल. अंडी मात्र तिला देता येणार नाहीत. आणि नाचणी सत्वात घालायची साखरही गावानेच आणायची, ही तर आपल्या प्रतिभेची कमाल. ज्यांच्या कोयत्यावर कारखान्याची साखर होते त्यांच्याकडेच वाटीभर साखर मागायची!

‘पाड्यावर कोंबड्या असतात की,’ असं आपल्या मनात आलंच असेल. असतात ना. कोंबडी असते ती देवाला, पाहुण्याला आणि अडीनडीला बाजारात नेऊन विकायला. अंडं पोराला उकडून घातलं तर पिल्लू होत नाही आणि पिल्लू नाही तर तेल-मिरचीला पैसा नाही. हा हिशेब इथल्या कुठल्याही बाईला तोंडपाठ आहे. आपल्या वित्त विभागाने तो एकदा समजावून घ्यावा.

पूर्वी तरी काय सोन्याचं अंडं देत होतात, तेही आठवू. नोव्हेंबर २०२३ मध्ये योजना आली: आठवड्यातून एकदा एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. दर पाच रुपये. बाजारात अंडं सहा-सातला, म्हणजे वरचे पैसे गुरुजींच्या खिशातून. (लोकसहभाग तेव्हाच सुरू झाला होता, फक्त त्याला नाव नव्हतं.) तरी अंड्याच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर बघण्यासारखं असे. रोजची खिचडी पोरं भराभर गिळतात, अंडं मात्र शेवटपर्यंत ताटलीच्या कडेला राखून ठेवायची. आधी पांढरं सोलून खायची, पिवळा गोळा मुठीत. एखादी पोरगी तो तसाच फ्रॉकच्या ओच्यात बांधायची, घरच्या धाकट्यासाठी. बाईंनी ‘इथंच खा’ म्हणून दटावलं तरी.

धाकट्याची काळजी तिने करायला नको होती. खरी गंमत इथेच आहे, साहेब. आपल्याच शासनाच्या एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीत सात महिने ते सहा वर्षांच्या पोराला महिन्यातून सोळा दिवस अंडं किंवा केळं मिळतं. म्हणजे पोर अंगणवाडीत असेपर्यंत ते कुपोषित, त्याला प्रथिनं हवीत. सहावं संपवून तेच पोर शेजारच्या जिल्हा परिषद शाळेची पायरी चढलं की ते एकदम सुदृढ! दोन इमारतींमध्ये एक अंगण आहे. हा चमत्कार त्या अंगणात नेमका कुठे घडतो, ते एकदा येऊन दाखवा. एक अंगण ओलांडायला दोन खाती लागतात, एवढंच आमच्या अल्पमतीला कळतं.

आपल्याला आमची माहिती नाही असं म्हणायची सोय नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात राज्यातला सर्वांत गरीब जिल्हा म्हणून आमचंच नाव होतं, निम्म्याहून अधिक माणसं गरीब. आकडे आपल्या टेबलावर आहेत, अंडी तेवढी नाहीत.

शिजवलेलं जेवण शाळेत द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तो सगळ्या पोरांसाठी. ज्या गावाला दाता मिळेल त्या गावाला जास्त, असं त्यात कुठे नव्हतं. आपल्या निर्णयाने नेमकं तेच होतंय. एमआयडीसीलगतच्या शाळेला एखादा कारखानदार भेटेल, वाढदिवसाला अंडी वाटेल, फोटो काढेल. आमच्या धडगावकडच्या बिलगावच्या वरच्या पाड्यावर कोण वाढदिवस करायला येणार? तिकडे तमिळनाडूत शाळेच्या रोजच्या जेवणात अंडं असतं. शेजारच्या कर्नाटकाने अझीम प्रेमजी फाउंडेशनला सोबत घेऊन आठवड्याची सहा केली. त्यांनीही बाहेरचा पैसा घेतलाच, पण तो सरकारने स्वतः जाऊन मिळवला. उसाच्या फडातल्या बापाला वर्गणी मागितली नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. अंड्याचा खर्च लोकसहभागातून काढून पुन्हा शासनाच्या लेखाशीर्षात घाला. सगळ्या राज्याचं जमत नसेल तर अमृत आहार जिथे चालतो त्या आदिवासी भागापासून सुरुवात करा. आठवड्याला निदान दोन अंडी आणि दर बाजाराचा, पाच रुपयांचा नव्हे. तोपर्यंत महिन्याला अडीच हजारांवर राबणारी आमची स्वयंपाकीण मावशी चव रजिस्टरात रोज ‘चव चांगली’ असं लिहवून घेतेच आहे. आपण येऊन एकदा त्यावर सही करावी.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातला एक करदाता